नाईक कुठले, राणे कोणाचे

जून १९९१ ते फेब्रुवारी १९९३ या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात एकाच आडनावाचे दोन मुख्यमंत्री होते. मुंबईत सुधाकरराव नाईक आणि पणजीत रवी नाईक. पहिले पुसदचे, बंजारा समाजातले, वसंतराव नाईकांचे पुतणे. दुसरे फोंड्याचे. दोघांचा एकमेकांशी नात्याचा धागाही नाही. पण त्या काळातलं एखादं मराठी कात्रण हाती आलं आणि त्यात नुसतं ‘मुख्यमंत्री नाईक यांनी सांगितले’ एवढंच असलं, तर कुठल्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं हे वाक्यावरून कळत नाही. बातमीचं ठिकाण बघावं लागतं, आणि कात्रण कापताना नेमकी तीच ओळ वर राहून जाते.

गोव्यात हा घोळ रोजचा आहे. चाळीस आमदार, लोकसभेचे दोन खासदार, पंचायतींचे दीडेक हजार पंच आणि आडनावं मात्र मोजकी. त्यात इथला मराठी वाचक एका डोळ्याने सिंधुदुर्गाकडे बघतो. वृत्तपत्राच्या एकाच अंकात वाळपईचे विश्वजित राणे आणि कणकवलीचे नितेश राणे असतात. नारायण राणे १९९९ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, त्याच्या सहाच महिने आधीपर्यंत गोव्यात प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री होते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या राण्यांचा इतिहास वेगळा आहे. १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगिजांविरुद्ध उठलेले दीपाजी राणे, त्यानंतर त्या शतकभर अधूनमधून पेटत राहिलेली बंडं, आणि १९७२ पासून पन्नास वर्षं सलग विधानसभेत बसलेले प्रतापसिंह. हे सगळं ‘राणे’ या दोन अक्षरांत मावत नाही. म्हणून सत्तरीत त्यांना कोणी राणे म्हणतही नाही, ‘खाशे’ म्हणतात.

आडनाव सारखं म्हणजे घर एक, ही समजूत मुळातच चुकीची आहे. गोव्यात ती जास्त चुकते, कारण इथली आडनावं निरनिराळ्या वाटांनी आली आणि त्यांपैकी बहुतेक वाटांचा रक्ताशी संबंध नव्हता.

नाईक हा हुद्दा होता. ज्याच्या हाताखाली थोडी माणसं तो नाईक, मग तो कुठल्याही समाजाचा असो. त्यामुळे आज भंडारी समाजात नाईक आहेत, सारस्वतांत आहेत, इतरांतही आहेत. देसाई, सरदेसाई, फळदेसाई ही वसुलीच्या आणि वतनाच्या अधिकारातून आलेली. गावकर हे तर गावागावात स्वतंत्रपणे निर्माण झालेलं आडनाव. गाव वसवणाऱ्या घराण्यांचा गावच्या सामायिक जमिनीत वाटा असे, त्या संस्थेला गावकरी म्हणत आणि पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं. वाट्याचा मालक तो गावकर. काणकोणचा गावकर आणि पेडण्याचा गावकर यांना जोडणारं काही असेलच असं नाही. अनुसूचित जमातीतल्या घरांतही हे आडनाव आहे आणि इतर समाजांतही. सांगेतून २०१७ मध्ये प्रसाद गावकर निवडून आले, शेजारच्या सावर्ड्यातून २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये गणेश गावकर. मतदारसंघ लागून, आडनाव एक, आणि दूरच्या वाचकाला वाटतं की मधल्या काळात माणसाने जागा बदलली.

‘कर’ लावलेल्या आडनावांची तऱ्हा आणखी वेगळी. ती गाव सांगतात, पण कधीकाळी सोडलेलं गाव सांगतात. पर्रीकरांचं आडनाव पर्ये नव्हे, पर्रा या बार्देशातल्या गावावरून आलं आणि ते निवडून येत पणजीतून. त्यांचं पूर्ण नाव मनोहर गोपाळकृष्ण प्रभू पर्रीकर. त्यातलं प्रभू सार्वजनिक जीवनात गळून गेलं. असं जोडनाव गोव्यात पुष्कळ घरांत असतं आणि कुठला अर्धा ठेवायचा हे प्रत्येक भाऊ आपापलं ठरवतो. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं दोन आणि अनोळखी माणसांचं एक, असंही होतं. दयानंद मांद्रेकर शिवोलीचे आमदार होते आणि मांद्र्याचे आमदार लक्ष्मीकांत पार्सेकर. शिरोड्याचे सुभाष शिरोडकर हा गाव, आडनाव आणि मतदारसंघ जुळल्याचा दाखला, पण त्यावरून नियम बांधला तर मांद्र्याला गाडी अडकते. सध्या मांद्र्यात जीत आरोलकर आहेत आणि लगतच्या पेडण्यात प्रवीण आर्लेकर. त्याच पेडण्याचं प्रतिनिधित्व २०१२ मध्ये राजेंद्र आर्लेकर करत होते, जे पुढे हिमाचल, बिहार आणि केरळ या राज्यांचे राज्यपाल झाले. आरोलकर आणि आर्लेकर ही दोन आडनावं वेगळी आहेत, हे घाईने वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

ख्रिस्ती आडनावांचा उलगडा सर्वांत सोपा आणि तरी सर्वांत दुर्लक्षित आहे. सोळाव्या शतकापासून जी धर्मांतरं झाली त्यांत नव्या ख्रिस्ती कुटुंबाला बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. म्हणजे एका गावात एका दिवशी जितकी घरं ख्रिस्ती झाली तितक्या घरांना एकच आडनाव मिळू शकलं, मग पूर्वी ती कुठल्याही जातीची असोत. मुळात पोर्तुगालमध्येसुद्धा फर्नांडिस म्हणजे कुठल्याशा फर्नांदोचा मुलगा, एवढंच. म्हणून गोव्यातले फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज, परेरा यांना आडनावावरून एका माळेत ओवता येत नाही. सांताक्रूझच्या व्हिक्टोरिया फर्नांडिस आणि २०२२ मध्ये तिथूनच निवडून आलेले रुडॉल्फ फर्नांडिस हे आई आणि मुलगा. पण २०१७ मध्ये त्याच सांताक्रूझमधून निवडून आलेले आंतोनियो फर्नांडिस त्या घरचे नव्हेत. कळंगुटचे आग्नेल फर्नांडिस, काणकोणचे इजिदोर फर्नांडिस, २०२४ पासून दक्षिण गोव्याचे खासदार असलेले कॅप्टन विरियातो फर्नांडिस ही सगळी स्वतंत्र माणसं, स्वतंत्र गावं, स्वतंत्र राजकारण. डिसोझांचंही तसंच. डॉ. विल्फ्रेड डिसोझा साळगावचे, शल्यविशारद, मुख्यमंत्री झालेले. फ्रान्सिस डिसोझा म्हापशाचे, उपमुख्यमंत्री झालेले. २०१९ मध्ये फ्रान्सिस गेल्यावर म्हापशात पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे पुत्र जोशुआ निवडून आले. इथे आडनाव आणि नातं जुळतं, पण ते आडनावावरून नव्हे, मतदारसंघावरून ओळखायचं असतं.

नातं असूनही आडनाव न जुळणं ही याचीच दुसरी बाजू. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. पुढच्या पिढीतला वाचक मुख्यमंत्र्यांची यादी वाचतो तेव्हा बांदोडकरांनंतर शशिकला काकोडकर हे नाव बघून त्याला वारसा दिसत नाही, कारण तो लग्नानंतरच्या नावामागे झाकला गेला आहे. आणि नेमक्या त्याच दशकात दुसरे काकोडकर राजकारणात होते. पुरुषोत्तम काकोडकर, काँग्रेसचे नेते, १९७१ ते १९७७ पणजीचे खासदार, अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील. शशिकलाताई १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या. चार वर्षं दोन्ही काकोडकर एकाच वेळी पदावर होते आणि विरुद्ध पक्षांत होते. त्या काळातल्या कागदावर नुसतं ‘काकोडकर’ असलं तर पद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुने कागद वाचण्याची काहीएक रीत ठरवून घ्यावी लागते. पहिल्यांदा साल. सालावरून सभागृह ठरतं: १९६३ ते १९८७ गोवा, दमण आणि दीव मिळून तीस जागांची विधानसभा, घटक राज्य झाल्यानंतर चाळीस जागांची. मग मतदारसंघ. इथे एक खाचखळगा आहे. २००८ च्या फेररचनेनंतर पाळे आणि पैंगीण हे मतदारसंघ उरले नाहीत आणि २०१२ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. त्यामुळे जुन्या यादीतला मतदारसंघ आजच्या नकाशावर सापडला नाही, तर नाव चुकलं असं समजू नये. तिसरं वडिलांचं नाव. रवी सीताराम नाईक, श्रीपाद येसो नाईक, प्रतापसिंह रावजी राणे असं मधलं नाव राजपत्रात आणि उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात सापडतं. ते एकदा टिपून ठेवलं की पुढचे पन्नास घोळ टळतात. पोर्तुगीज काळातल्या ‘बोलेतीं ऑफिसियाल’ या राजपत्रापर्यंत जायचं असेल तर लिपी बदलते आणि ओळखीची आडनावं अनोळखी होतात. शेणवी तिथे ‘सिनाय’ होतात, प्रभू ‘पोरोबो’, कामत ‘कामोतीं’. त्या याद्या डोळ्यांनी वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचाव्यात, कानाला ते आडनाव लवकर सापडतं.

पक्षावरून ओळख पटवण्याचा मोह होतो. गोव्यात तो टाळावा, आणि याचं कारण २०२२ च्या विधानसभेत लख्ख दिसतं. त्या सभागृहात फोंड्याचे रवी नाईक भाजपचे आणि साळगावचे केदार नाईक काँग्रेसचे. सांगेचे सुभाष फळदेसाई भाजपचे, कुंभारजुव्याचे राजेश फळदेसाई काँग्रेसचे. मार्च ते सप्टेंबर असं लिहिणं पुरलं. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले, त्यांत केदार नाईक आणि राजेश फळदेसाई दोघेही होते. त्या दिवसापासून ‘भाजपचे नाईक’ हे शब्द निरुपयोगी झाले. मतदारसंघ मात्र होता तिथेच राहिला. ज्याला सूची करायची आहे त्याने नावाशेजारी पक्ष लिहायचाच असेल तर तारखेसह लिहावा.

याच सभागृहात तीन दांपत्यं निवडून आली: वाळपईचे विश्वजित आणि पर्येच्या देविया राणे, कळंगुटचे मायकल आणि शिवोलीच्या दिलायला लोबो, पणजीचे आतानासियो आणि ताळगावच्या जेनिफर मोन्सेरात. चाळीसांत सहा. इथे एकच आडनाव म्हणजे एकच घर आणि बहुधा एकच निर्णय. बाजूच्या बाकावरच्या दोन नाईकांबद्दल किंवा दोन फळदेसायांबद्दल तसं म्हणता येत नाही. घराणेशाहीवर बोलणाऱ्याने हा फरक आधी नीट केला पाहिजे, नाहीतर टीका खऱ्या घराण्याला चुकवून सारख्या आडनावाच्या भलत्याच माणसावर पडते. मतदार मात्र हा फरक चोख करतात. २०१२ मध्ये आलेमाव कुटुंबातले चौघे, चर्चिल, ज्योकिम, वालंका आणि युरी, चार मतदारसंघांतून उभे होते आणि चौघेही हरले. दहा वर्षांनी युरी कुंकळ्ळीतून जिंकले, तेव्हा त्यांना मत देणाऱ्यांना आडनाव तेच आहे हे पुरतं माहीत होतं.

लोकांनी या गोंधळावर स्वतःचा उपाय केला तो टोपणनावांचा. भाऊसाहेब, ताई, भाई, खाशे, पात्रांव. ‘पात्रांव’ म्हटलं की फोंड्यात रवी नाईकांशिवाय दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही. पण हा उपायही पूर्ण नाही. फ्रान्सिस डिसोझा बाबूश होते आणि आतानासियो मोन्सेरातही बाबूश. चंद्रकांत कवळेकर बाबू आणि मनोहर आजगावकरही बाबू. सासष्टीत नुवेचे आलेक्स सिक्वेरा आणि कुडतरीचे आलेक्स रेजिनाल्ड एकाच सभागृहात, म्हणून दुसऱ्यांना सगळे रेजिनाल्ड म्हणतात आणि लॉरेन्स हे त्यांचं आडनाव छापण्यापुरतं उरतं.

मतपत्रिकेवर मात्र नाव नीट असणं ही अत्यंत गंभीर बाब आहे, कारण गोव्यातले मतदारसंघ लहान आहेत. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांतआंद्रेचा ७६ मतांनी, प्रियोळचा २१३ मतांनी. शेजारच्या महाराष्ट्रात, रायगडला, २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काय झालं ते आठवावं. राष्ट्रवादीचे सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. केरळात अलप्पुळा इथे २००४ मध्ये व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले, व्ही. एस. सुधीरन या अपक्षाने आठ हजारांवर मतं घेतली. लोकसभेच्या अवाढव्य मतदारसंघात हे होतं, तर पंचवीस-तीस हजार मतदारांच्या मतदारसंघात शंभर मतं चुकायला कितीसा वेळ?

असा नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करणं अवघड नाही. विधानसभेसाठी अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात, दहा हजार रुपये अनामत, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. त्याचं नाव खरंच तेच असेल तर अर्ज फेटाळता येत नाही. यावर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ऐकून घ्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच आहे. आईबापांनी ठेवलेल्या नावावरून कोणाचा उभं राहण्याचा हक्क कसा काढणार? म्हणून उपाय मतपत्रिकेवरच शोधावे लागतात. १९६१ च्या नियमांत ते आहेत. दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांना वेगळं दाखवायचं असतं. आणि उमेदवार ज्या नावाने लोकांत ओळखला जातो ते अर्जातल्या नावाहून वेगळं असेल, तर उमेदवारांची अंतिम यादी तयार होण्याआधी त्याने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं. या एका अर्जाकडे दुर्लक्ष होतं. माघारीची मुदत संपली, यादी छापायला गेली, मग ‘पात्रांव’ किंवा ‘बाबूश’ घालून मिळत नाही.

यंत्रावरच्या नावांचा क्रमही समजून घ्यावा. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. त्यामुळे सारख्या नावाचा अपक्ष सहसा खालच्या भागात येतो. मे २०१५ पासून नावाशेजारी उमेदवाराचा फोटो असतो, तो याच घोळासाठी आला. पण कागदी पडताळणीच्या यंत्रात जी चिठ्ठी सात सेकंद दिसते तिच्यावर फोटो नसतो. क्रमांक, नाव आणि चिन्ह एवढंच. म्हणून कार्यकर्त्यांनी वयस्कर मतदारांना नाव पाठ करायला सांगू नये. क्रमांक आणि चिन्ह सांगावं, आणि चिठ्ठीवर तेच दोन बघायला सांगावं.

पंचायतीच्या निवडणुकीत यातले अर्धे आधार गळतात. ऑगस्ट २०२२ मध्ये १८६ पंचायतींची निवडणूक झाली ती कागदी मतपत्रिकेवर आणि नेहमीप्रमाणे पक्षाविना. चिन्हं मोकळ्या यादीतली, म्हणजे चिन्हाला मागची ओळख नाही. प्रभागात काही शे मतदार. एखाद्या वाड्यावर निम्मे मतदार एका आडनावाचे आणि उमेदवारही त्याच आडनावाचे, अशी स्थिती सत्तरीत, काणकोणात, सासष्टीत सहज सापडते. स्त्रियांसाठी राखीव प्रभागात आणखी एक गाठ. उमेदवार बाई माहेरच्या नावाने शाळेत, सोसायटीत, देवळाच्या कामात ओळखल्या जातात आणि मतदारयादीत सासरचं नाव व नवऱ्याचं नाव असतं. मतदारयादीतली दुरुस्ती आठ क्रमांकाच्या अर्जाने होते, पण ती निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी करून घ्यायची गोष्ट आहे. ज्यांना उभं राहायचं आहे त्यांनी यादी हातात घेऊन स्वतःचं नाव, नातेवाईकाचं नाव आणि घर क्रमांक तीनही तपासावेत. एक मात्रा चुकली तरी छाननीच्या दिवशी समोरचा पक्ष बोट ठेवतो.

वाड्यावर आडनावाला कोणी फारसं विचारत नाही. ‘तूं कोणालो?’ असं विचारतात आणि उत्तरात आडनाव येत नाही, घराची खूण येते: वयल्या घरचे, पिंपळाकडचे, भाटातले. मतपत्रिकेवर हे छापता येत नाही, पण प्रचाराच्या पत्रकावर छापता येतं आणि जाणते उमेदवार छापतात. गावच्या इतिहासासाठी पंचायतींच्या याद्या जमवणाऱ्यांनीही तेच करावं. प्रत्येक नोंदीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, वाडा, प्रभाग क्रमांक आणि कार्यकाळाचं साल, या क्रमाने. ही नोंद सरपंचपद बदलतं त्या वर्षीच केली तर तासाभराचं काम आहे. वीस वर्षांनी करायची म्हटली तर गावातल्या तीन नाईकांपैकी नळयोजना कोणत्या नाईकांनी आणली हे ठरवायला मरण-नोंदींचं पुस्तक उघडावं लागतं.